खापरपणजोबांचं मृत्युपत्र, शिवडीची दफन नोंद आणि एक न जुळणारी बायको – मदत हवी आहे

पाटीपेन्सिल | १२ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, नेवाशाकडच्या एका गावाचे. (आता अहिल्यानगर, पण सगळी जुनी कागदपत्रं 'अहमदनगर' म्हणतात, म्हणून इथेही तेच लिहिते.) घराणं चार पिढ्या ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं (मंडळी म्हणजे चर्च). मूळची जात इथे लिहीत नाही, धागा भलतीकडे जाईल.

घरात चालत आलेली गोष्ट अशी: खापरपणजोबा गाव सोडून मुंबईला आले, छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत, आणि प्लेगात गेले. "कफनाला पैसे नव्हते, मंडळीनं वर्गणी काढली," हे वाक्य मी लहानपणापासून किमान पन्नास वेळा ऐकलंय. बाबा ते सांगताना आवाज थोडा खाली आणायचे.

मागच्या वर्षी बाबा गेले. त्यांच्या ट्रंकेत पणजोबांच्या बाप्तिस्म्याचा जीर्ण दाखला मिळाला आणि मी या भानगडीत पडले.

आधी शिवडीची दफनभूमी. प्लेग मुंबईत १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत सुरू झाला, म्हणून मी १८९६ ते १८९९च्या नोंदी मागितल्या. चार फेऱ्या, हाती काही नाही. तिथल्या कारकुनांनी शेवटी (देव त्यांचं भलं करो) स्वतःच विचारलं, "ताई, पुढची पाहू का?" सापडले. ऑक्टोबर १९०३. वय ४३, धंदा कंपॉझिटर, आजार 'थायसिस', म्हणजे क्षय. प्लेग नव्हेच. शेवटच्या रकान्यात पाळकांची सही.

नक्की साल हाती आल्यावर वाटलं, हायकोर्टात मृत्युपत्राचा शोध घेऊन बघावा. ज्याच्या कफनाला पैसे नव्हते त्याचं मृत्युपत्र कुठलं असणार? पण निघालं! फेब्रुवारी १९०४चा प्रोबेटचा (म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचा) अर्ज. मालमत्ता ६४० रुपये: पोस्टाच्या बचत खात्यातली रक्कम, छापखान्याकडून येणं, एक शिवणयंत्र, भांडी, पुस्तकं. मृत्युपत्र मराठीत, स्वच्छ बालबोध अक्षरात, सोबत कोर्टाच्या भाषांतरकाराचा इंग्रजी तर्जुमा. एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) म्हणून छापखान्यातल्याच एका सहकाऱ्याचं नाव.

आता अडचण. त्यात लिहिलंय (जसंच्या तसं):

"माझी पत्नी हिजला शिवण्याचे यंत्र व घरातील सामान द्यावे. माझी पूर्वीची बायको गांवी आहे, तिजला दरमहा रुपये तीन मनीआर्डरीने पाठवावे, ती घेईल तोंवर. बाकी सर्व माझ्या मुलास."

पूर्वीची बायको?? आमच्याकडे कुणालाच हे माहीत नाही. आत्या तर ऐकून चिडलीच. मंडळीच्या लग्नाच्या नोंदवहीत खापरपणजोबांचं १८९१चं लग्न आहे, त्यात वराच्या नावापुढे 'विधुर' असं लिहिलंय. विधुर, आणि बारा वर्षांनी जिवंत बायकोला तीन रुपये?

कुणी उलगडा करील का?

तिरकस | १२ जून, रात्री ११:०२

गेलेल्यांना निवांत झोपू द्या की हो. उकरून उकरून शेवटी एक बायको बाहेर आली, अजून खणलंत तर सावकार निघेल.

जयू | १२ जून, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली. 'ती घेईल तोंवर' वाचून थांबले जरा.

काळा कोट | १३ जून, सकाळी ७:३०

पाटीपेन्सिलताई, चाळीस वर्षं मुंबईत वकिली केली, त्यातली बरीचशी वारसा प्रकरणांत. जमेल तेवढं सांगतो.

पहिलं, ६४० रुपयांसाठी प्रोबेट का? तेव्हा ख्रिस्ती लोकांना १८६५चा भारतीय वारसा कायदा लागू होता. प्रोबेटशिवाय एक्झिक्युटरला कोर्टात स्वतःचा हक्क सांगता येत नसे, आणि पैसे ज्याच्याकडे अडकलेले तो कागद मागणारच. शिवाय हजार रुपयांच्या आतल्या मालमत्तेवर प्रोबेटची कोर्ट फी पडत नसे. त्यामुळे गरिबांच्याही फायली निघतात. प्रोबेट म्हणजे श्रीमंतांची गोष्ट हा समज चुकीचा आहे.

दुसरं, तुमचं खरं कोडं. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात देशी ख्रिस्ती लोकांच्या लग्नासाठी साधी अट होती: दोघांपैकी कुणाचाही नवरा वा बायको हयात नसावी. म्हणजे नोंदवहीत 'विधुर' लिहिणं हे पाळकांना नुसतं सोयीचं नव्हतं, त्याशिवाय लग्न लावताच आलं नसतं.

पण तिसरी वाटही होती. १८६६चा २१वा कायदा. हिंदू नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि जोडीदार 'तू धर्म बदललास' म्हणून नांदायला नकार देऊ लागला, तर धर्म बदललेल्या व्यक्तीला कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येत असे. त्यात गंमत अशी की कोर्ट लगेच निकाल देत नसे. वर्षभर थांबायचं, मग पुन्हा विचारायचं, नांदतेस का? तेव्हाही नाही म्हणाली तर लग्न रद्द. हे जर झालं असेल तर तो अर्ज कुठल्या तरी कोर्टाच्या दप्तरात असणार. झालं नसेल, तर पाळकांनी डोळेझाक केली.

पाटीपेन्सिल | १३ जून, सकाळी ९:१०

काका, वर्षभर थांबून "नांदतेस का?" विचारायचे?? हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आभार.

टेम्सकाठी | १३ जून, दुपारी २:५०

लंडनहून. इथे ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांमध्ये धर्मखात्याच्या (चर्चच्या नोंदवह्यांच्या) नकला आहेत. बंगालच्या एन/१, मद्रासच्या एन/२, मुंबईच्या एन/३. मुंबईच्या १७०९पासून सुरू होतात. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. त्यांतल्या बऱ्याच आता ऑनलाइन शोधता येतात. पण ताई, त्या मुख्यतः गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या. इंग्लिश चर्चमधले देशी ख्रिस्तीही अधूनमधून भेटतात. तुमचे अमेरिकन मिशनचे, तेव्हा तिथे नाव नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. अमेरिकन बोर्डाचं (तुमच्या मिशनच्या मातृसंस्थेचं) दप्तर हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहे. त्यात मुख्यतः मिशनऱ्यांची पत्रं, पण पत्रांत माणसं असतात.

एक टीप: नाव मराठी कानानं शोधू नका, साहेबाच्या कानानं शोधा. गणपत तिथे 'गुणपुट' असतो. माझे एक पूर्वज मला 'क्रुष्टना' या रूपात सापडले. दोन वर्षं लागली.

तिरकस | १३ जून, दुपारी ३:०५

गुणपुट! आजपासून आमच्या गणप्याला हेच.

अलिबागकडची | १३ जून, संध्याकाळी ६:२०

ताई, मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. आमच्याकडे कागदापेक्षा दगड जास्त बोलतात. कोकणातल्या आमच्या जुन्या कबरस्तानांत नुसते ओबडधोबड दगड, अक्षर नाही. नवगावची दफनभूमी तर आमच्या समाजाची आद्य म्हणून सांगतात. पुढच्या काळातल्या कबरींवर मात्र हिब्रू आणि मराठी दोन्ही. माझ्या पणज्यांचं नाव, गाव आणि 'हिचा काळ झाला' एवढं मराठीत, साल हिब्रूत. ज्यांना लागेल त्यांच्यासाठी: हिब्रू सालातले हजार सोडून द्यायचे, उरलेल्यात १२४० मिळवायचे. ५६६४ असेल तर ६६४ अधिक १२४०, १९०४. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, म्हणून इंग्रजी वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांतला मृत्यू असेल तर एक वजा. मी हे न कळून आजीच्या काकांना वर्षभर जास्त जगवलं होतं.

तुमच्या खापरपणजोबांची ती बायको गावी राहिली, हे वाचून मला आमच्या आडनावांतली गावं आठवली. माणसं मुंबईला आली, नावाला गाव चिकटून राहिलं.

फोंडेकार | १३ जून, रात्री ८:४५

गोंयचा माणूस मधेच बोलतो, माफ करा. आमच्या हिंदूंकडे दफनाची वही कुठली, पण 'इन्व्हेंटरी' आहे. पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७०पासून, तो हिंदूंनाही लागू (काही रूढींची मुभा १८८०च्या हुकुमानं दिली). माणूस गेला की कोर्टात मालमत्तेची यादी आणि वारसांची यादी. मुलगी वगळायची सोय नाही, अर्ध्या मालमत्तेवर वारसांचा हक्क ठरलेला, मृत्युपत्रात कितीही राग काढा. माझ्या पणजोबांच्या यादीत तांब्याचा हंडा, मोडका पाट आणि लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणी. त्या बहिणींची नावं आमच्या वंशावळीत नव्हतीच. वंशावळ भटजींनी लिहिलेली, त्यात बायका नसतात. कागद सगळा पोर्तुगीजमध्ये, आणि हस्ताक्षर असं की म्हातारी वाचणारी माणसं गेली की संपलं.

सुनीलराव | १३ जून, रात्री ९:३०

आम्हा घाटावरच्या हिंदूंना काय उपयोग या सगळ्याचा? आम्ही जाळतो. राख नदीत, विषय संपला.

काळा कोट | १३ जून, रात्री १०:००

सुनीलराव, विषय संपत नाही. हिंदू मृत्युपत्रांचा कायदा मुंबई शहरात १ सप्टेंबर १८७०पासून लागू झाला, तेव्हापासून गिरगाव-ठाकुरद्वारच्या मराठी घरांची प्रोबेटं हायकोर्टात आहेत. मुंबईबाहेर असाल तर १८२७चं ८वं रेग्युलेशन बघा. एल्फिन्स्टन गव्हर्नर असतानाचं, आणि वारस दाखला जिल्हा कोर्टातून आजही त्याच्याखाली निघतो! अर्जात कोण कुणाचा कोण हे सगळं मांडावं लागतं, जाहीरनामा निघतो, हरकती येतात. हरकत घेणारा भाऊबंद हा इतिहासाचा सर्वांत मोठा उपकारकर्ता. तो नसता तर कुणी काही लिहूनच ठेवलं नसतं.

सीमाभाग | १३ जून, रात्री १०:२०

आमच्याकडे लिंगायतांत दफनच करतात, आणि वंशावळ सांगायला हेळवी येतात. सात-आठ पिढ्या घडाघडा म्हणतात. त्यांच्या वहीत मी एकदा स्वतःचं नाव बघितलं, जन्मसालासकट. अंगावर काटा आला.

गणित_कच्चं | १४ जून, सकाळी ६:५५

पाटीपेन्सिलताई, सगळे कायद्यात अडकलेत. मला एक साधं विचारायचंय. प्रोबेटच्या अर्जात मुलाचं वय दिलंय का? आणि ट्रंकेतल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर?

पाटीपेन्सिल | १४ जून, सकाळी ११:४०

दिलंय. अर्जात "मुलगा, वय १९". दाखला पुन्हा काढून बघितला: बाप्तिस्मा १८८९, "वय अदमासे ५ वर्षे". बापाचं नाव आहे. आईचं नाव...

नाही. आईचा रकाना रिकामा आहे.

लग्न १८९१चं. अरे देवा.

गणित_कच्चं | १४ जून, सकाळी ११:४८

तेच म्हणत होतो. मुलगा १८८४च्या आसपासचा. लग्नाआधी सात वर्षं. तुम्ही शिवणयंत्रवालीच्या वंशातल्या नाही आहात.

जयू | १४ जून, दुपारी १२:०१

बापरे.

तिरकस | १४ जून, दुपारी १२:१०

मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. खणा.

नेवासे_फाटा | १४ जून, संध्याकाळी ७:००

ताई, मी तुमच्याच बाजूचा. माझं ऐका, आता मुंबई सोडा आणि तहसील धरा. गावात कोतवाल बुक असतं, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. मध्यंतरी कुणबी नोंदींसाठी सगळ्या महाराष्ट्रानं हीच दप्तरं पालथी घातली, त्यामुळे कित्येक ठिकाणी ती स्कॅन करून ठेवलीत. नोंदी मोडीत असतात. मृत्यूचं कारण म्हणून ताप, पटकी, देवी, जुलाब एवढंच. क्षयबिय काही नाही. साहेबाच्या वहीत माणूस रोगानं मरतो, कोतवालाच्या वहीत तापानं.

पण बाईला शोधायचं तर त्याहून चांगली जागा म्हणजे फेरफार, जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद. हक्कनोंदणी आपल्या इलाख्यात १९०३च्या कायद्यानं आली, आमच्या भागात फेरफाराच्या वह्या त्यानंतर हळूहळू तयार झाल्या. बाईच्या नावावर एक गुंठा जरी असेल, तरी ती मेल्यावर कुणाला तरी लिहावंच लागलंय की आता वारस कोण.

मोडीवाचक | १४ जून, रात्री ९:१५

फोटो आले की इथे टाका (नावं झाकून). वाचून देतो. घाई करू नका, तलाठ्यांची मोडी म्हणजे पावसात भिजलेल्या मुंग्यांची रांग असते.

पाटीपेन्सिल | २ डिसेंबर, रात्री ११:२०

मंडळी, सहा महिन्यांनी धागा वर काढतेय. नेवासे_फाटा आणि मोडीवाचक, तुम्हा दोघांना मी घरी पुरणपोळी खायला घालणार आहे, कधी येता ते सांगा.

कोतवाल बुकात ती सापडली. १९१८, कार्तिक, कारण 'ताप'. म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. नावापुढे नवऱ्याचं नाव. वय ५५. म्हणजे नवरा गाव सोडून गेला तेव्हा ती पंचविशीच्या आसपास असणार, आणि त्यानंतर तीस वर्षं ती तिथेच.

आणि मग १९१९चा फेरफार. मोडीवाचक यांनी लावलेलं वाचन:

"सदर बाई मयत. जमीन तिचे वहिवाटीस. वारस मुलगा एक, वस्ती मुंबई, ख्रिस्ती. भाऊबंदांची हरकत की मुलगा बाटला सबब वारस नाही."

खाली सर्कल इन्स्पेक्टरांचा शेरा: "हरकत नामंजूर. नोंद प्रमाण."

वारसाचं नाव माझ्या पणजोबांचं. तीन एकर काही गुंठे.

काका, हरकत नामंजूर कशी झाली? १९१९ साली, खेड्यात?

काळा कोट | ३ डिसेंबर, सकाळी ७:१०

१८५०चा २१वा कायदा, ताई. धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकलं म्हणून माणसाचा वारसा हक्क जात नाही. तेव्हा त्यावर केवढं वादळ उठलं होतं. सर्कलसाहेबाला कायदा माहीत होता, एवढंच. पाच वर्षांचा असताना बापानं बाप्तिस्मा दिला, तरी आईचा मुलगा तो मुलगाच.

१८६६च्या कायद्याखालचा अर्ज सापडला का?

पाटीपेन्सिल | ३ डिसेंबर, सकाळी ९:३०

नाही. दोन कोर्टांत शोधलं. आता शोधणार नाही बहुतेक. कोतवालानं तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लिहिलंय, पाळकांनी 'विधुर' लिहिलंय, दोघांनीही आपापल्या माणसांना विचारूनच लिहिलं असणार.

शिवडीलाही जाऊन आले. नोंदवहीतला कबरीचा क्रमांक शोधत गेले तर तिथे आता दुसऱ्या कुटुंबाचा दगड आहे, १९६०च्या दशकातला. जागा पुन्हा वापरली गेलीय, मुंबईत तसं होतंच. त्या कुटुंबाच्या दगडापाशीच फुलं ठेवली. त्यांची हरकत नसावी.

आत्याला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा दर दिवाळीला गावी जायचे. आम्हाला सांगायचे, कामाला जातो." बाबा म्हणजे माझे आजोबा. १९५०च्या सुमाराची गोष्ट. तीन एकरांचं पुढे काय झालं ते शोधायचंय.

अलिबागकडची | ३ डिसेंबर, दुपारी १:००

आणि ते तीन रुपये? पोचले का तिला?

पाटीपेन्सिल | ३ डिसेंबर, रात्री १०:५०

हे लिहू की नको असं होत होतं.

एक्झिक्युटरला नंतर कोर्टात हिशेब द्यावा लागतो. तो फायलीत शेवटी टाचलेला होता, जूनमध्ये मी पान उलटलंच नव्हतं. छापखान्यातला माणूस, हिशेब चोख. एप्रिल १९०४, मनीऑर्डर, तीन रुपये. समोर 'परत'. मे, तीन रुपये, 'परत'. जून, 'परत'. त्यानंतर पाठवलेली दिसत नाही.

पण शेवटच्या ओळींत, शिल्लक वाटपाच्या वर, वेगळ्या शाईत एक नोंद आहे: "मुलाचे हातीं गांवी पाठविले, रु. ९. पोहोंचले."

नेवासे_फाटा | ३ डिसेंबर, रात्री ११:०५

गट नंबर पाठवा ताई. उद्या तलाठी कार्यालयात जातोच आहे, जुना सातबारा बघून येतो.